केळफुलाच्या आतला रंग

बुऱ्हाणपुरात मे महिना लागला की घरोघरी कूलर सुरू होतात; ज्योत्स्नाबाईंच्या मागल्या खोलीत मात्र पंखादेखील बंद असतो. लग्नातल्या वरमाळा सुकवून काचेच्या चौकटीत बसवायच्या आणि जुन्या चौकटींतल्या फुलांचा गेलेला रंग परत आणायचा, हे त्यांचे काम. सुकलेली पाकळी वाऱ्याने उडते आणि ओलाव्याने मरते. म्हणून त्या नाकातोंडाला रुमाल बांधून, घामाने निथळत, मऊ कुंचल्याने एकेका पाकळीवर सुक्या रंगाची पूड टेकवत बसतात. "लोक गारवा शोधत फिरतात, आमच्याकडे उकाडा जपून ठेवतात," असे त्यांचे यजमान ललितराव आल्यागेल्याला सांगतात. त्या नुसता कुंचला चालवत राहतात. बोलले की श्वासाने पूड विखुरते.

त्याच उकाड्यात एके सकाळी दापोऱ्याच्या भागाबाई आल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली चौकट त्यांनी बाजेवर ठेवली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"बसा ना मावशी."

"आधी पाहून घ्या ताई. मग बसायचं का नाई ते सांगा."

माळ त्यांच्या सुनेची, तृप्तीची होती. लग्नानंतर इंदूरच्या एका दुकानातून बसवून आणलेली. तृप्ती पहिल्या बाळंतपणासाठी देडतलाईला माहेरी जाताना म्हणाली होती, "आई, माळ तुमच्या भरवशावर ठेवून जाते." भागाबाईंनी तो भरवसा मनापासून सांभाळला. उन्हाळा तापला तेव्हा फुलांना झळ लागू नये म्हणून त्यांनी चौकट आतल्या भिंतीवरून काढली आणि बैठकीत, थेट कूलरच्या समोर लावली. महिनाभर रात्रंदिवस. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा चौकटीच्या फटींतून आत शिरत राहिली. निशिगंध चहाच्या रंगाचा झाला आणि गुलाब काळपट, मऊ पडले.

"सून पंधरा दिवसांनी येते बाळाले घेऊन," भागाबाई म्हणाल्या. "तिनं तोंडावर काई म्हटलं नाई ना, तरी मले कळंल. तिले कळायच्या आत होईल का?"

ज्योत्स्नाबाईंनी चौकट उघडून वास घेतला. बुरशी नव्हती. "वाळवता येतील. पण गुलाब मुळात कसा होता?"

भागाबाईंनी मोबाइलमधले लग्नाचे फोटो पुढे केले. एकात माळ शेंदरी, दुसऱ्यात राणी रंगाची, तिसऱ्यात नुसतीच भडक. ज्योत्स्नाबाईंनी मोबाइल हळूच परत दिला. त्या फोटोवरून रंग ठरवत नाहीत. स्वतः बसवलेल्या प्रत्येक माळेची एक पाकळी त्या कागदाच्या पुडीत, पत्र्याच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवतात. ही माळ दुसऱ्याच्या हातची. तिची पुडी कुठून असणार?

"तुम्हाला काय आठवतं, मावशी? डोळे मिटून सांगा."

भागाबाईंनी खरेच डोळे मिटले. "माळांचं ताट माझ्याच हातात होतं. तवाच मनात आलं, हे तर आपल्या मळ्यातलं केळफूल. वरून जांभळं दिसते ते नाई हां. पान उलगडलं की आतून लाली निघते, ती."

दुसऱ्या दिवशी त्या मळ्यातली दोन केळफुले घेऊन हजर झाल्या. ज्योत्स्नाबाईंनी पान उलगडून त्याची आतली बाजू खिडकीच्या उजेडात धरली आणि तीन लाल छटांची पूड एकत्र खलून त्या लालीपर्यंत आणली. तोवर माळेची फुले ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या बारीक दाण्यांत पुरलेली होती. आठ दिवसांनी ती निघाली. मग रोज सकाळचे चार तास. रंग कडेकडून आत, इतका थोडा की पाकळीच्या शिरा बुजू नयेत. पूर्वी स्वतःच्या बहिणीची माळ त्यांनी रंग चढवून चढवून पार कागदी करून टाकली होती. तेव्हापासून त्यांचा हात आखडता झाला; त्यांच्या कामाची सारी शोभा त्या आखडतेपणात आहे.

चौदाव्या दिवशी भागाबाईंनी माळ पाहिली आणि त्या पहिल्यांदा बाजेवर बसल्या. मग त्यांची नजर माळेच्या खालच्या टोकाला गेली. "ही एक राहिली ताई."

"ती मुद्दाम ठेवली. दुरुस्तीच्या प्रत्येक माळेत एक पाकळी तशीच ठेवते. पुढे कोणी उघडली, तर कुठून कुठवर आणली ते कळावं."

"रंगवून टाका ना. माझी सून अंधारात तांदळातला खडा वेचते. तिले दिसंलच."

"दिसेल," ज्योत्स्नाबाई शांतपणे म्हणाल्या. "तिनं विचारायच्या आधी तुम्ही सांगा."

भागाबाई रागावल्या नाहीत, पण जाताना "येते" म्हणायचे विसरल्या. ती पाकळी ज्योत्स्नाबाईंना दोन दिवस छळत राहिली.

पुढच्या आठवड्यात तृप्तीच आली, खांद्यावर झोपलेले बाळ घेऊन.

"आईंनी दारातच सांगितलं," ती म्हणाली. "मी बाळ पुढे केलं, तर म्हणाल्या, थांब, आधी ऐकून घे, मग दे माझ्याजवळ. मी म्हटलं, कूलरची हवा तुम्ही स्वतः कधी घेत नाही आन् फुलांना दिली?"

तिने पर्समधून कागद काढला. लग्नाच्या शालूच्या घडीत तिला एक गुलाबाची पाकळी सापडली होती. काळवंडलेली, तरी देठाशी मूळ रंग टिकून होता. ज्योत्स्नाबाईंनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

"मी जराशी गडद केली गं. हिच्यात पिवळी झाक होती. माळ आणून दे, रंग उतरवता येईल."

"नका उतरवू," तृप्ती घाईने म्हणाली. "आन् आईंना तर बोलूच नका. 'केळफुलाची लाली माझ्या ध्यानात होती म्हणून माळ जमली,' असं त्या सगळ्या दापोऱ्यात सांगून राहिल्या आहेत."

ज्योत्स्नाबाईंनी पाकळी पुडीत बांधली, वर 'तृप्ती, दापोरा' असे लिहिले आणि पत्र्याचा डबा उघडला.