काकूची आडवी बाटली

मी पदवीधर झालो तो काकूमुळे. घराण्यात तोवर कुणी झालं नव्हतं. हायस्कूलला असताना मी तिच्याकडे राहायचो. काका पिऊन आले की माझी पुस्तकं भिरकावायचे. म्हणून संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राही, माझ्याकडे पाठ करून. शिव्या तिथंच अडायच्या, मारही. पुढे काका दारूनंच गेले.

नोकरीसाठी मी सिंगापूरला आलो. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये एकदा माझी मुलगी शाळेतल्या भाषणाची तयारी करत होती. विषय होता अमेरिकेतल्या दारूबंदीच्या पुढारी बायका. त्या गुत्त्यांसमोर बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करायच्या. कुणी अंगावर पाणी ओतायचं, कुणी कुत्री सोडायचं. नुसत्या विनवणीनं गुत्ता हटत नाही, हे कळल्यावर त्यांनी मताचा हक्क मागितला, घर वाचवायला. मुलीच्या पुस्तकातल्या चित्रात एक बाई गुत्त्याच्या पायरीशी बसली होती. तिची पाठ बघून मला उंबऱ्यातली काकू आठवली.

आणि येत्या रविवारी काकूच्या गावातल्या शाळेत मतदान होतं. दारूचं दुकान बंद व्हायला हवं तर बायकांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारायचा. मतदान व्हावं म्हणून सह्या काकूनंच गोळा केल्या होत्या, आणि आता दुकानवाल्याच्या माणसांनी तिच्या घरावर दगड टाकले होते. मी फोन लावला.

"काकू, तू पुढं होऊ नकोस."

"मग कोण होणार? तू समुद्रावरनं उडत जातोस, आणि मी शाळेपर्यंत चालत जायला भिऊ होय?"

"ती माणसं वाईट आहेत."

"तुझ्या काकापेक्षा?" म्हणाली आणि फोन ठेवला.

"बाबा, फक्त तूच घाबरलायस, ला," मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. खरंच होतं.

फोनवर काकू मला पुरतं बोलू देत नाही. म्हणून कागदावर लिहिलं आणि त्याचा फोटो तिच्या शेजारणीच्या मोबाइलवर पाठवला, वाचून दाखवायला:

"ती. काकूस,
सा. नमस्कार.
मला फार भीती वाटते आहे, ती जात नाही. उद्या ऑफिसात रजा मागतो आणि शनिवारी पोचतो. तुला अडवायला येत नाही. मत बायकांचं आहे, तिथं माझं काम नाही. पण मतदान होईपर्यंत तुझ्या उंबऱ्यात मी बसेन, बाहेर तोंड करून. तू आत निवांत जेव. तोवर दाराला कडी घाल, आणि शेजारच्या काकूंना सोबतीला बोलव. एकटी बसू नकोस."