नाव बुडाली नव्हती

पारंपरिक होड्यांचं दोन दिवसांचं संमेलन, गोदाकाठी, जालना जिल्ह्यात. आमच्या होडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटावर हे वाचलं आणि मी नवऱ्याला न विचारताच दोघांची नावं नोंदवून टाकली. माणशी पंधराशे रुपये, तंबू आणि जेवण धरून. मराठवाड्यात होड्यांचं संमेलन भरतंय म्हटल्यावर घरी बसणं मला शक्य नव्हतं. आता वाटतं, बसले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरहून निघालो. रस्ता झकास आहे. पाचोडला चहा घ्या, कारण पुढे अंकुशनगरच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात की चहाची आठवण येत राहते. शहागडच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की कच्च्या वाटेने वीसेक मिनिटं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आणखी शंभर उत्साही माणसं तिथे जावीत अशी माझी इच्छा नाही.

नदी मात्र बघण्यासारखी. फाल्गुन लागला तरी बंधाऱ्यामुळे पाणी थोपलेलं, पलीकडच्या काठावर कांद्याची शेतं. आम्ही पंचवीसजण होतो. कुणी फायबरच्या कायाक आणलेल्या, कुणी घरी बनवलेल्या होड्यांच्या प्रतिकृती. नदीवर चालणारी खरी लाकडी होडी एकाकडेही नव्हती. मासेमारांच्या गावात आलेल्या आम्हाला दुपारी जेवायला काय, तर शहरातून आलेलं पनीर. गावात एका घरी विचारलं असतं तर भाकरी आणि मरळाचं कालवण मिळालं असतं. पण गावात जाऊन काही विचारायचं नाही, असा जणू संमेलनाचा नियमच होता.

आणि मग कुणालातरी उथळ पाण्यात बुडालेली नाव दिसली. जुनी, लाकडी, दगडांनी भरलेली. संयोजकांचा आवाज भरून आला. आपला वारसा असा चिखलात कुजतोय, म्हणाले. शेजारी धुणं धुणाऱ्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या तिला. ती बराबर हाये तिथं." आम्ही ते ऐकलं, हसलो आणि दोर लावला.

दगड काढून नाव वर ओढायला दोन तास लागले. मग तिला उन्हात ओंडक्यांवर चढवलं आणि सगळे कामाला लागलो. फळ्यांच्या सांध्यांत काळं डांबर आणि सुतळी ठासलेली होती. ती घाण आहे, खालचं मूळ लाकूड दिसायला हवं, असं संयोजकांनी सांगितलं. मी स्वतः पातं घेऊन एक अख्खा सांधा खरवडून काढला. त्याचे फोटो काढले, गटावर टाकले, वाहवा मिळवली. संध्याकाळी तेलपाणी झाल्यावर नाव चकचकीत दिसत होती. रविवारी दुपारपर्यंत ती तशीच उन्हात होती.

दुपारी किसनमामा आले. नाव त्यांची. साठीतले, जातीने भोई, जन्म नदीवर गेलेला. टेंभुर्णीला लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस गेले होते. ते नावेभोवती एक चक्कर फिरले, सांध्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"बुडाली न्हवती," मामा म्हणाले. "म्याच बुडवून गेल्तो. नाव वाळली की फाकती, म्हणून दगडं टाकून पाण्यात दाबून ठिवल्ती."

आम्हा पंचवीस होडीप्रेमींत हे कुणालाही ठाऊक नव्हतं. लाकडी नाव वापरात नसली की पाण्यातच ठेवायची, म्हणजे फळ्या फुगून सांधे घट्ट राहतात. आम्ही तिला अख्खा दिवस वाळवलं आणि वर पाणी शिरू नये म्हणून ठासलेली सुतळीही उपटली. मामा घाईने परतले होते कारण सोमवारपासून पलीकडची कांदाकाढणी सुरू होणार होती. गावातल्या चौदा बाया याच नावेतून कामाला जातात. दुसरा रस्ता पुलावरून, रिक्षाने, आणि त्या भाड्यात रोजाचा बराच भाग जातो.

यावर संयोजकांनी काय करावं? समारोपाच्या कार्यक्रमात मामांना शाल-श्रीफळ दिलं. वारशाचे रक्षणकर्ते म्हणून, त्या फाकलेल्या नावेपुढे उभं करून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून म्हटलं की आधी माफी मागा आणि डांबर-सुतळी घेऊन या. संयोजक म्हणाले, ताई, भावना समजतात, पण वेळ कमी आहे. टाळ्या झाल्या. मामांनी नारळ हातात घेतला आणि मला विचारलं, "मंग उद्या बाया कशा न्यायच्या?"

मी, नवरा आणि आणखी दोघे अशा चौघांनी नाव पुन्हा पाण्यात लोटली, दगड भरले. बाकीच्यांना लांब जायचं होतं, ते निघून गेले.

घरी येऊन गटावर सगळं लिहिलं. संयोजकांनी तासाभरात पुसून टाकलं आणि नावेचे आधीचे-नंतरचे फोटो लावले. नंतरच्या फोटोत मी हसतेय. त्या फोटोची मला शरम वाटते, आणि वारसा हा शब्द त्या माणसांच्या तोंडी ऐकला की संताप येतो. स्वतःचाही येतो, कारण दोर ओढताना सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होते.

दहा दिवसांनी मामांना फोन केला. बाया पुलावरून जाऊन राह्यल्यात, म्हणाले. फळ्या फुगून बरेच सांधे मिटले होते, दोन मिटत नव्हते. मी म्हटलं, रविवारी डांबर आणि सुतळी घेऊन येते, तुम्ही सांगाल ते करते.

"या की ताई," मामा म्हणाले. "सामान आणा, चहा घ्या. पर नावंला हात लावू नका."