द्राक्षांचा हौद

वडवणीच्या वाटेवरच्या निजामकाळातल्या दगडी कोठारात आता पुन्हा जुन्या पद्धतीनं वाईन करतात. परवा लेकीबरोबर तिथं गेले आणि आंबलेल्या द्राक्षांच्या वासानं दारातच थबकले.

दुष्काळात ऊसतोड बंद होती, म्हणून आम्ही नवरा-बायको आणि दीर सोपान तिथं सोसायटीच्या द्राक्षं आंबवायच्या हौदांवर कामाला होतो. चोथा काढायला उतरलेला सोपान आतल्या वायूनं कोसळला. माझ्या मालकांनी दोर घेतला.

“उतरू नका, दम कोंडंल!” मी ओरडले.

“भाऊ हाय त्यो माझा!”

त्यांनी बांधून दिलेला सोपान जिवंत वर आला. आम्ही दोर पुन्हा सोडला, पण तो धरायला खाली कुणी उभं नव्हतं.

मला सोडून भावाकडं गेले, हा राग कितीतरी वर्षं राहिला. परवा हौदात वाकून पाहिलं, तेव्हा वाटलं, त्यांच्या जागी मीही उतरले असते.