कुणाकुणाला दाखवलं?

नसीम आपांच्या ऑफिसात कुणी पिशवीतून आपली वस्तू काढायला लागला, की त्या आधी पिशवीवर तळहात ठेवायच्या. "थांबा भाऊ. आधी सांगा, कुणाकुणाला दाखवलं?" समोरचा छाती पुढे काढून म्हणायचा, "कुणालाच नाय." आपा हात उचलायच्या नाहीत. चहा सांगायच्या आणि चहा येईपर्यंत पुढचे प्रश्न सुरू व्हायचे. पूजा केली? पेढे वाटले? बायकोच्या भावाला दाखवलं? ग्रुपवर टाकलं? कप रिकामा होईपर्यंत बहुतेकांची छाती जागेवर आलेली असायची.

उस्मानपुऱ्यात शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. आपा पेटंट एजंट. कुणी नवीन काही बनवलं, तर ते खरंच नवीन आहे का हे तपासून त्याच्या हक्काचा अर्ज सरकारदरबारी लावायचा, हे त्यांचं काम. त्याआधी त्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि पन्नाशीच्या आसपास परीक्षा देऊन एजंट झाल्या होत्या. शिकवण्याची सवय मात्र गेली नव्हती. कुणी थाप मारली की चष्म्यावरून बघायच्या आणि वाळूजचे मोठमोठे कारखानदार फळ्यासमोर उभं केल्यासारखे खाली बघायचे. "आपल्या लोकांना पेढा पचतो, गुपित नाय पचत," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा समोर बसलेले आपले लोक म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ होतो.

वाळूजला आमचं छोटं वर्कशॉप आहे. दादाचा हात चालतो, मी ड्रॉइंग काढतो. बॅटरीवरच्या मालवाहू रिक्षा दुरुस्तीला यायच्या, त्यांतल्या निम्म्यांचं दुखणं एकच असायचं, चार्जिंगचं सॉकेट. त्यात धूळ जायची, पाणी जायचं. वर काही ड्रायव्हर पिन लावलेली विसरून गाडी तशीच हाणायचे आणि सॉकेट मुळासकट उपटायचं. दादा जवळजवळ दोन वर्षं त्याच्यामागे लागला होता. शेवटी त्यानं एक तिरप्या तोंडाचं सॉकेट बनवलं. त्याचं झाकण स्वतःच्याच वजनानं बंद व्हायचं आणि आत एक खिटी होती. गाडीला हिसका बसला की ती आधी करंट तोडायची, मग पिन सोडून द्यायची. एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीला ते पसंत पडलं. त्यांची अट एकच होती, आधी हक्क तुमच्या नावावर करा, मग माल तुमच्याकडूनच घेऊ. दादाला वाटलं, दुसऱ्यांची मोडतोड सांधण्याचे दिवस आता संपले. नव्या टॉवेलात सॉकेट गुंडाळून आम्ही आपांकडे गेलो.

पिशवीवर हात पडला. प्रश्न आला.

"कुणालाच नाय," दादा म्हणाला.

"खंडेनवमीला मशिनींची पूजा करता ना? हे ठेवलं होतं पाटावर?"

"ते व्हय. पण देवाला दाखवलं तेवढंच."

"देवाला दाखवलेलं चालतं," आपा म्हणाल्या. "देवासंगं कोण कोण होतं?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. देवासंगं आमची अख्खी लाईन होती. शेजारचे वर्कशॉपवाले होते, आरतीला थांबलेले ड्रायव्हर होते आणि पेढ्याच्या वासानं आलेले काही अनोळखीही होते. शिवाय दादानं त्या दिवशीचा व्हिडिओ 'आपला आशीर्वाद असू द्या' असं लिहून फेसबुकवर टाकला होता. आपांनी तो लावायला सांगितला. त्यात दादा झेंडूच्या हाराआडून सॉकेट उचलतो, स्क्रू काढतो, आतली खिटी बोटावर घेतो आणि एकेका ड्रायव्हरला समजावून सांगतो. आवाज अगदी स्वच्छ आला होता.

आपांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा पाहिला. "भाऊ, शिकवता लई छान तुम्ही. मला पण समजलं."

दादा खूश झाला. मग आपांनी चष्मा काढला. "रूपाचा कागद वेगळा असतो, कामाचा वेगळा. बाहेरून कसं दिसतं त्याचं डिझाईन, आत कसं चालतं त्याचं पेटंट. पिना कुठं बसवायच्या ते आधीच ठरलेलं आहे, ते कुणाचंच नाय. पण हे तिरपं तोंड आणि ही खिटी तुमची होती. दोन्ही कागद मिळाले असते. आता तुम्हीच चौकात उभं राहून साऱ्यांना वाटून टाकलं. जगाला आधी दाखवलेलं नवीन म्हणून लिहिता येत नाय."

"आत्ता पुसून टाकतो," दादा म्हणाला.

"पुसल्यानं दाखवलेलं परत येतं का?"

"पण आपा, कोण बघतंय इतकं?"

"तुमचा कागद ज्याला नडंल, तो बघंल. आणि कुणी नाय बघितलं तरी मी बघितलंय. आता मी कशी सही करू?"

दादा सॉकेट पिशवीत कोंबून जिना उतरला. रागाचं कारण त्यालाही सांगता आलं नसतं, कारण चूक कुणाची होती हे त्याला बरोबर कळलं होतं. नंतर आपांनी मला एकट्याला बोलावून घेतलं. पूजेनंतर त्यात काही बदललं का, एखादा भाग न दाखवलेला राहिला का, हे त्या ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारत राहिल्या. काही राहिलं नव्हतं. "मला लई वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "चीज अस्सल होती." वाईट वाटलं की त्या तसं सरळ सांगायच्या, उगाच आशा लावून ठेवायच्या नाहीत.

कंपनीनं नाद सोडला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसलंच तिरप्या तोंडाचं सॉकेट शहरातल्या रिक्षांवर दिसायला लागलं. कुणी बनवलं, कुठे बनवलं, देव जाणे. रिक्षा दिसली की दादा मान फिरवायचा. उस्मानपुऱ्यातून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं घरी यायचा.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आमंत्रण नसताना आपा वर्कशॉपवर आल्या. बॅटरीच्या रिक्षातून उतरल्या आणि ड्रायव्हरला हाताला धरूनच आत घेऊन आल्या. "सांग यांना, ते चार्जिंगचं कसं आहे तुझं."

ड्रायव्हर गोंधळला. "एक नंबर काम हाय. पाणी जात नाय, धूळ जात नाय. दोनदा पिन लावून तसाच निघालो, तरी काय तुटलं नाय."

"ते यांनी बनवलंय."

"कंपनीनं नाय?"

"यांनी."

त्या माणसानं दादाचा हात दोन्ही हातांत धरला आणि "उस्ताद!" म्हणाला. दादा वळून हवा नसलेला कॉम्प्रेसर तपासायला लागला. बराच वेळ तपासत होता.

तेवढ्यात आपांचं लक्ष पाटाकडे गेलं. लेथशेजारी दादाचं नवं, अर्धवट झालेलं काम, अजून नुसता सांगाडा, उघडंच ठेवलेलं होतं. त्यांनी पर्समधून पांढरं सुती कापड काढलं. घडी बघूनच कळत होतं, की मुद्दाम आणलंय. ते त्यावर घालून चारी बाजूंनी नीट खोचलं. "पूजा झाकून करायची. देवाला कापडातून दिसतं."

शेजारचे पाटील हसले. "आपा, पूजा आमची अन् नियम तुमचा?"

"पूजा तुमची, कायदा सगळ्यांचा," आपा म्हणाल्या आणि पेढा मागून घेतला. वहिनींनी हळदकुंकू कापडावरच वाहिलं. तेव्हापासून आमच्या लाईनीत नवी वस्तू झाकून पुजायची पद्धत पडली आहे. नवीन भाडेकरू तिला जुना रिवाज समजतात.

ते अर्धवट काम पुरं व्हायला वेळ लागला आणि तोवर आपा आजारी पडल्या. एजंटकी सोडली, फायली ओळखीच्या एका एजंटबाईंकडे दिल्या. आम्ही शहागंजच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि हात काडीसारखे झाले होते. दादानं पिशवी पलंगावर ठेवली आणि गाठ सोडायला घेतली. पिशवीवर तळहात पडला.

"कुणाकुणाला दाखवलं?"

"आईच्यान, कुणालाच नाय. घरात बी नाय."

"मग मला का दाखवता? मी आता एजंट नाय."

मी मध्ये बोललो. विश्वासातल्या माणसाला दाखवलेलं कायद्याला चालतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय, म्हणालो.

"कायद्याला चालतं," आपा म्हणाल्या. "तुमच्या दादाच्या जिभंला नाय चालत. आज आपा, उद्या पाटील, परवा सगळी लाईन. अर्ज लावा. लागला की पहिलं मला दाखवा."

असं म्हणाल्या खऱ्या, पण तळहात पिशवीवरून उचलला नाही. कापडावरून बोटं फिरवत आत काय असेल त्याचा अंदाज घेत होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या नव्या वस्तू सगळ्यांच्या आधी पाहिलेली बाई ती. तिला किती बघायचं होतं, ते मला दिसत होतं. मग त्यांनी स्वतःच गाठ पुन्हा आवळली आणि पिशवी दादाकडे सरकवली. निघताना दादा दारातून दोनदा मागे वळला.

अर्ज लागल्याची पावती आली, तेव्हा आपा नव्हत्या. दादा पावती हातात घेऊन बाकावर बसला आणि दुपारभर त्यानं मशीन चालू केलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला वस्तू पाटावर होती, आपांच्याच कापडाखाली. आरती झाली, पेढे वाटले. अर्ज लागल्याची बातमी लाईनभर पोचली होती. पाटील म्हणाले, "आता तर हरकत नाय ना? काढा की कापड, बघू द्या."

हरकत खरंच नव्हती. मीही म्हणालो, "काढ, दादा."

दादानं कापडाचा सुटलेला कोपरा पुन्हा आत खोचला. "राहू दे," तो म्हणाला. "पहिलं आपांना दाखवायचं होतं. त्यांनाच दाखवायचं राहिलं, मग बाकीच्यांना काय घाई हाय?"