अमीरबीसाठी उनकेश्वरचं पाणी

उदगिरात आमच्या शेजारी जहांगीरभाई राहतात. कापूस पिंजून गाद्या, रजया भरायचा धंदा. माणूस सरळ, पण कामापुढे त्यांना बायको दिसायची नाही. तिचे, अमीरबीचे, गुडघे ऐन चाळिशीत धरले. किनवटकडे उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथं अंघोळ केली की सांधे मोकळे होतात, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं. तेव्हापासून तिचा एकच हट्ट, मला तिथं न्या.

"सीझन हाय. थंडी सरली की जाऊ," भाई म्हणायचे.

थंडी सरली की म्हणायचे, "या उन्हात गरम पाण्यात बसतंय का कोणी?"

अमीरबी मला विचारायची, "जगदेवी, थंडी न्हाई, ऊन न्हाई, असा महिना तुमच्या कॅलेंडरात हाय का गं?" आणि खो खो हसायची. अशी वीस वर्षं गेली. ती हसण्यावारी न्यायची, मला मात्र चीड यायची.

यंदा डिसेंबरात तिनं अंथरूण धरलं. एसटी कुठली, न्हाणीपर्यंतही जाता येईना. तेव्हा भाईंनी भर हंगामात दुकान बंद केलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि एकटेच उनकेश्वरला गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, पहाटे पाणी भरून निघतो. कॅन रजईत गुंडाळून आणतो, निवू देत न्हाई. तिला सांगा, घरीच आंघोळ घालतो."

मी सांगितलं. ती चक्क लाजली. सकाळी उठवायला गेले तर झोपेतच गेली होती.

फोन मीच केला. भाई नांदेडच्या स्टँडवर होते. "गाडी लागलीय, निघतो," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी ते आले, दोन्ही हातांत कॅन. मला रडू यायच्या आधी राग आला. वीस वर्षं काय करत होतात, असं मी तोंडावर विचारलं. त्यांनी रजई सोडली, कॅनला हात लावून पाहिला. पाणी अजून कोमट होतं.

आत बायकांनी गुसलची, शेवटच्या अंघोळीची, तयारी केली होती. तिथं नवऱ्यानं जायचं नसतं. भाईंनी कॅन पडद्याखालून आत सरकवले.

"हेच पाणी घ्या," ते म्हणाले. "गुडघ्यांवर जरा जास्ती टाका. तिथंच दुखतंय तिला."