नवरदेवाच्या आईचा फोटो

लग्नाच्या हॉलमध्ये तिला सगळे थांबाबाई म्हणत. फोटो काढताना दर दोन मिनिटांनी ती ओरडायची, "थांबा! हलू नका!" पन्नाशी उलटलेली बाई. पायात कापडी बूट, गळ्यात दोन कॅमेरे.

या धंद्यात ती पडली ती थोरल्या बहिणीच्या लग्नामुळे. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, म्हणून तेव्हा मामांच्या हाती कॅमेरा दिला होता. मामा दिवसभर ऐटीत फोटो काढत फिरले. आठ दिवसांनी कळलं, आतलं रीळ पुढे सरकलंच नव्हतं. महिन्याभराने सगळ्यांना पुन्हा त्याच कपड्यांत उभं केलं. फोटो आले, पण बहीण दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी दिसत होती. धाकटीने त्याच आठवड्यात एका स्टुडिओत नोकरी धरली.

अलीकडच्या एका लग्नातही नवरीच्या वडिलांनी तेच काढलं. "माझ्या पुतण्याकडे भारी कॅमेरा आहे. मग तुम्ही कशाला?"

"बाबा, दादाला लग्नाला बोलावलंय की कामाला?" नवरी म्हणाली, आणि विषय संपला.

थांबाबाई आदल्या दिवशी हॉल बघून आली. ऊन कुठून येतं, कुणाला गुडघेदुखी आहे, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं विचारून घेतलं. नवरदेव जरा घुटमळला. मग म्हणाला, "आईचं तोंड दोन वर्षांपूर्वी एका बाजूने वाकडं झालं. तेव्हापासून ती फोटोत येत नाही. तिला आग्रह करू नका."

दुसऱ्या दिवशी आई खरंच खांबाआड बसली होती. पदर गालावर ओढलेला. पुतण्या उत्साहाने कॅमेरा घेऊन धावला, "काकू, हसा ना जरा!" काकूंनी तोंडच फिरवलं. बिचारा ओशाळला.

थांबाबाईने कॅमेरे पाठीमागे सारले आणि शेजारची खुर्ची ओढली. "इथे पंख्याचा वारा लागत नाही हो. खिडकीपाशी बसू या का?"

"मला फोटो नकोय."

"मीही दमलेय. बसू नुसत्या."

दोघी खिडकीशी बसल्या. मुलगा लहानपणी कसा होता, यावर गप्पा रंगल्या. एवढ्यात लग्नाच्या रजिस्टरवरच्या सह्या आटोपून नवरदेव आईकडे आला. कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली! "अरे घोड्या, नवरा झालास तरी बटण कळत नाही?" म्हणत आईने ती सोडून नीट लावली. पदर गालावरून घसरला. मुलगा हसला, तीही हसली. अर्ध्या तोंडाने, पण पोट धरून.

या वेळी थांबाबाई 'थांबा' म्हणाली नाही.

मुलगा गेल्यावर तिने कॅमेरा आईपुढे धरला. "न विचारता काढला, चुकलं माझं. नको असेल तर तुमच्यादेखत पुसते."

आईने चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिली. खिडकीचा मऊ उजेड, मुलाची झुकलेली मान, आणि तिचं ते वाकडं, मोकळं हसू.

"मी अजून अशी हसते?"

"आत्ता हसलात की."

"राहू दे," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "सुनेबरोबरही एक काढ. पण लवकर, माझा विचार बदलायच्या आत."

तोवर पुतण्याने कॅमेरा पिशवीत टाकला होता. जेवताना तो नवरीच्या वडिलांना म्हणाला, "बरं झालं बाई आल्या. आपली नवरी सही करताना रडली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. नाहीतर मी बॅटरीच बदलत बसलो असतो." काकांनी मान डोलावली आणि थांबाबाईचं ताट स्वतः वाढायला उठले.

महिन्याभराने नवरदेवाची आई एकटीच स्टुडिओत आली. अल्बम मिळाला होता; खिडकीतला फोटो सुनेने बाहेरच्या खोलीत लावला होता.

"आज वेगळं काम आहे," ती स्टुलावर बसत म्हणाली. "ओळखपत्राचा फोटो. दोन वर्षं टाळतेय."

"समोर बघावं लागेल हं. सरळ."

"माहीत आहे," तिने पदर मागे घेतला. "काढ."