मेणाच्या बाळाला शेक

मी तेव्हा अणदूरच्या दवाखान्यात नवी नर्स होते. सुइणींना शिकवण्यासाठी हैदराबादहून लाकडी पेटीतून मेणाचं पोट आलं होतं. झाकण काढलं की आत पाठ वाकवून झोपलेलं मेणाचं बाळ, नाळेसकट. इतकं हुबेहूब की पहिल्यांदा मीच दचकले.

शिकवायचं एवढंच होतं, की नाळ विळ्यानं नाही, उकळलेल्या पात्यानं कापायची. पण गावातली सगळ्यांत म्हातारी सुईण ऐकेना, आणि ती ऐकेना म्हणून बाकीच्याही ऐकेनात. तिच्याच सुनेची दोन बाळं आठवड्याच्या आत धनुर्वातानं गेली होती, आणि सुनेचे आता पुन्हा दिवस भरत आले होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

पौषातली थंडी होती. बायकांना बाळ बाहेर काढून दाखवलं आणि तसंच खाटेवर ठेवून मी जेवायला गेले. परत येते तो खोलीभर ओव्याचा धूर आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी! बाळाची पाठ सपाट झालेली, एक कान गालावर उतरलेला.

"अहो, मेणाचं आहे ते!" मी किंचाळलेच.

"उघडं लेकरू थंडीत ठिवलंय तुमी. शेक नको व्हय?" म्हातारी म्हणाली आणि मग स्वतःच खजील झाली. "हाताला लेकरूच लागलं की वो, बाई."

मेण अजून मऊ होतं. बोटांना तेल लावून ती कान जागेवर बसवू लागली. अर्धं गाव जगात आणलेली बोटं ती! माझा राग कुठल्या कुठं गेला. नाळेपाशी तिचा हात थांबला.

"हितं इळा लावला तर काय हुतंय?"

"ती जखमच असते. विळ्याची घाण तिथून आत जाते आणि धनुर्वात होतो."

तिनं नाळेवरचा हात मागं घेतला. "मंजी आमची दोन म्याच घालवली?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं," एवढंच म्हणाले.

महिन्याभरात सून बाळंत झाली. पात्याचं पाणी खळाखळा उकळेपर्यंत म्हातारी चुलीपुढून हलली नाही. नातीची नाळ तिनंच कापली. धनुर्वात झालेलं बाळ आधी दूध ओढायचं थांबतं, म्हणून पुढचे आठ दिवस मी रोज त्यांच्या दारात, बाळ दूध ओढतंय का बघायला. नवव्या दिवशीही ते ओढत होतं, तेव्हा मी तिथंच रडले.

सव्वा महिन्यानं म्हातारी नातीला घेऊन दवाखान्यात आली. नातीच्या डोक्यावर नवं टोपडं होतं. तसंच दुसरं तिनं ओच्यातून काढलं, पेटी उघडायला लावली आणि मेणाच्या बाळाला घातलं.

"शेकू देत न्हाय तर न्हाय," ती म्हणाली, "डोस्कं तरी झाकू द्या."